‘जेन्ते’ एकवचनी का, आणि ‘माज्जोर पार्ते’ला दोन्ही वचनं कशी चालतात?

प्रश्न असा आहे. इटालियन शिकणाऱ्या एका वाचकाने ‘ला जेन्ते सोनो स्तांकी’ (लोक थकलेत) असं लिहिलं, तर शिक्षकांनी त्यावर लाल रेघ मारली. त्याच वहीत पुढे ‘ला माज्जोर पार्ते देल्यी स्तुदेन्ती सोनो पार्तीती’ (बहुतेक विद्यार्थी निघाले) हे वाक्य मात्र जसंच्या तसं राहू दिलं. दोन्हीकडे कर्ता एकवचनी, दोन्हीकडे क्रियापद अनेकवचनी; मग एक चूक आणि दुसरं बरोबर कसं? शिवाय इटालियन वर्तमानपत्रांत ‘माज्जोर पार्ते’नंतर कधी ‘आ’ दिसतं, कधी ‘आन्नो’. बी-वन (मध्यम पातळीच्या इटालियन) परीक्षेत काय लिहायचं?

मी इटालियन शिकवतो आणि कागदपत्रांचे अनुवादही करतो, त्यामुळे हा प्रश्न वर्गातही भेटतो आणि टेबलावरही. आधी थोडक्यात सांगतो. समूहवाचक नाम एकटं असेल तर क्रियापद एकवचनी, तिथे सूट नाही. त्या नामामागे ‘दि’ (म्हणजे आपलं चा-ची-चे; उपपदाशी जुळून तोच ‘देल’, ‘देल्ला’, ‘देई’, ‘देल्यी’ होतो) आणि अनेकवचनी नाम आलं, तरच दोन वाटा फुटतात. परीक्षेत एकवचन लिहा, त्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. फक्त एक अट आहे: वाट कुठलीही धरा, क्रियापदाबरोबर विशेषण आणि धातुसाधितही (आपल्या ‘गेलेला’, ‘आलेला’सारखं क्रियापदापासून झालेलं रूप) त्याच वाटेने गेलं पाहिजे. मार्क जातात ते बहुतेक इथे.

पुढच्या उदाहरणांसाठी एवढं लक्षात ठेवा की ‘ए’ म्हणजे आहे, ‘सोनो’ म्हणजे आहेत. आणि ‘आ’ व ‘आन्नो’ ही दुसऱ्या सहायक क्रियापदाची एकवचनी आणि अनेकवचनी रूपं. लिहिताना त्यांच्या आधी एच असतो, पण इटालियन एच मुका, म्हणून उच्चारात नुसता ‘आ’ उरतो.

आता ‘ला जेन्ते’कडे वळू. हा शब्द स्त्रीलिंगी आणि एकवचनी. आपल्या डोक्यात मात्र ‘लोक’ असतो, जो पुल्लिंगी आणि अनेकवचनी. आणि लोकच्या शेजारी शाळेतलं इंग्रजी ‘पीपल’ बसलेलं असतं, तेही अनेकवचनी. दोघांनी मिळून हात धरला की विद्यार्थी ‘सोनो’ लिहून मोकळा होतो. यावर मी वर्गात एकच उपाय सांगतो: अर्थ ‘लोक’चा ठेवा, व्याकरण ‘जनता’चं घ्या. जनता थकली आहे: ला जेन्ते ए स्तांका. सगळी जनता: तुत्ता ला जेन्ते. पुष्कळ जनता: मोल्ता जेन्ते. जनता म्हणते: ला जेन्ते दीचे. विशेषणाचं लिंग, वचन, क्रियापद, सगळं जुळतं. ‘मोल्ती जेन्ते’ किंवा ‘तुत्ती ला जेन्ते’ असं हातून जायला लागलं की मनात ‘पुष्कळ जनते’ असं काहीतरी म्हणून बघा, जीभ आपोआप अडखळेल.

अर्थ मात्र जनताचा घेऊ नका. मराठीत जनता म्हटलं की सभा, निवडणूक आणि पाणीटंचाई आठवते. इटालियन जेन्ते बसमध्ये असते, लग्नात असते, आइस्क्रीमच्या दुकानासमोर रांगेत असते. ‘चेरा मोल्ता जेन्ते आल मात्रिमोनियो’ म्हणजे लग्नाला खूप माणसं होती, बस.

आणखी एक बारकावा. मराठीत ‘मी जनता पाहिली’ म्हणताना क्रियापद कर्माकडे बघतं, कारण तो कर्मणी प्रयोग. इटालियनमध्ये ‘ओ व्हिस्तो ला जेन्ते’ म्हणताना धातुसाधित ‘व्हिस्तो’ कर्माकडे ढुंकूनही बघत नाही. पण कर्माचं सर्वनाम करून क्रियापदाच्या आधी आणलं, की लगेच आपल्यासारखं वागतं: ‘ल’ओ व्हिस्ता’, तिला पाहिली. इथेही एकवचनी स्त्रीलिंगी रूप, कारण सर्वनाम जेन्तेसाठी आलंय. इंग्रजीतून इटालियन शिकणाऱ्यांना हे फार जड जातं. आपल्याला ‘पोळी खाल्ली, आंबा खाल्ला, केळी खाल्ली’ हे आईच्या कडेवर असल्यापासून येतं, तेव्हा याचा फायदा घ्या.

‘ले जेन्ती’ असं अनेकवचनही आहे, पण त्याचा अर्थ लोकसमूह, निरनिराळ्या देशांचे लोक. ग्रंथात शोभणारा शब्द. आणि हो, इटलीत कुणाच्या तरी तोंडून तुम्ही ‘ला जेन्ते दीकोनो’ ऐकालच. कमी शिकलेल्यांच्या आणि काही भागांतल्या बोलीत ते सर्रास चालतं, जुन्या लेखनातही सापडतं. ऐकलं म्हणून वाद घालू नका, आणि ऐकलं म्हणून लिहूही नका.

जेन्ते सोडली तर बाकीच्या समूहवाचक नामांत मराठी माणसाने अडखळायचं खरं तर काही कारण नाही. कुटुंब गावाला गेलं, सरकार पडलं, टीम जिंकली, जमाव पांगला, फौज निघाली. आपण सगळीकडे एकवचनच वापरतो. इटालियनही तसंच: ला फामिल्या ए पार्तीता, इल गोव्हेर्नो ए कादुतो, ला स्क्वाद्रा आ व्हिन्तो. तरीही चुका होतात, कारण आपण इटालियन बहुधा इंग्रजी पुस्तकांतून शिकतो, आणि ब्रिटिश इंग्रजीत टीम, फॅमिली, गव्हर्नमेंट यांना खुशाल अनेकवचनी क्रियापद लावतात. मराठी बरोबर सांगत असते आणि विद्यार्थी इंग्रजीचं ऐकतो. एकटा ‘पोलीस’ शब्द मराठीतही फसवतो. आपण ‘पोलीस आले’ म्हणतो, इटालियनमध्ये ‘ला पोलित्सिया ए अर्रिव्हाता’, पोलीस जणू कुणी बाई. अनेकवचन हवंच असेल तर माणसांची नावं घ्यायची: ‘ल्यी आजेन्ती सोनो अर्रिव्हाती’, किंवा इटलीतलं दुसरं दल असेल तर ‘इ काराबिन्येरी सोनो अर्रिव्हाती’.

अनुवादात ही युक्ती रोज लागते. समितीच्या ठरावात मूळ इंग्रजी क्रियापद अनेकवचनी असतं, खाली पाच जणांच्या सह्या असतात, तरी इटालियनमध्ये ‘इल कोमितातो आ देचीझो’च (समितीने ठरवलं) येतं. सह्या कितीही असोत, कर्ता एकच. पाच जणांनी वेगवेगळं मत दिलं असं दाखवायचं असेल तर ‘इ मेम्ब्री देल कोमितातो आन्नो...’ अशी सुरुवात करायची, म्हणजे समितीचे सदस्य. रांजणगाव किंवा बारामतीच्या इटालियन कारखान्यांशी पत्रव्यवहार करणाऱ्यांनाही हेच सांगतो: ‘ला फियात’, ‘ला पियाज्जो’, कंपनी स्त्रीलिंगी एकवचनी. समोरच्या मेलमध्ये कंपनीने ‘आम्ही’ म्हटलं असेल तर तो प्रथमपुरुष वेगळा; कंपनीचं नाव कर्ता झालं की ‘आ देचीझो’.

सरावासाठी फुटबॉलच्या बातम्या वाचा, याहून चांगलं पुस्तक नाही. १९३४, १९३८, १९८२ आणि २००६ असे चार विश्वचषक इटलीने जिंकले. २००६ची बातमी दोन्ही तऱ्हांनी लिहिता येते. ‘ल’इतालिया आ व्हिन्तो’ म्हटलं की देश, एकवचन. ‘ल्यी आद्झुर्री आन्नो व्हिन्तो’ म्हटलं की निळ्या जर्सीतले खेळाडू, अनेकवचन. क्रियापद गतीचं असेल, म्हणजे ‘आ’ऐवजी ‘ए’ घेत असेल, तर धातुसाधितही बदलतं आणि फरक शेवटच्या स्वरापर्यंत पोचतो: ल’इतालिया ए अर्रिव्हाता इन फिनाले, पण ल्यी आद्झुर्री सोनो अर्रिव्हाती इन फिनाले. एकाच परिच्छेदात बातमीदार दोन्ही वापरतो आणि प्रत्येक वेळी मेळ चोख असतो. क्लबांची नावंही ऐका: इल मिलान, ला युव्हेन्तुस, ला रोमा. शहराला उपपद नाही, ‘रोमा ए बेल्ला’. संघाला आहे, ‘ला रोमा आ पेर्सो’, रोमा हरली. सगळ्यात मजेशीर लात्सियो. रोम ज्या प्रांतात आहे तो ‘इल लात्सियो’, पुल्लिंगी, आणि त्याच नावाचा फुटबॉल संघ ‘ला लात्सियो’, स्त्रीलिंगी. एका अक्षराच्या उपपदावरून बातमी क्रीडापानावरची की हवामानाची ते कळतं.

एकवचनाची ही सवय किती खोलवर गेली आहे ते बघायचं तर इटलीची राज्यघटना उघडा. ती १ जानेवारी १९४८पासून अमलात आहे. पहिल्याच कलमात म्हटलंय की सार्वभौमत्व ‘पोपोलो’चं आहे, ‘के ला एझेर्चिता’, जो ते वापरतो. पोपोलो म्हणजे लोक, पण क्रियापद एकवचनी. आपल्या घटनेची उद्देशिका ‘आम्ही, भारताचे लोक’ अशी अनेकवचनात सुरू होते. यातून दोन देशांच्या स्वभावाबद्दल निष्कर्ष काढायचा मोह होतो, पण तो आवरावा. पोपोलो व्याकरणाने एकवचनी आहे, बस्स.

आता मूळ प्रश्नातल्या दुसऱ्या वाक्याकडे येतो.

आपण मराठीत ‘वीसेक माणसं आली’ म्हणतो. ‘डझनभर केळी आणली’, ‘बहुतेक विद्यार्थी निघाले’, ‘निम्मे लोक जेवले’. या सगळ्यांत परिमाण सांगणारा शब्द विशेषणासारखा नामाच्या पुढ्यात बसतो आणि क्रियापद थेट माणसांकडे, केळ्यांकडे बघतं. वीसेक किंवा डझन हा कर्ता होतच नाही. इटालियनमध्ये नेमकं उलटं. ‘वीसेक’ हे तिथे नाम आहे, ‘उना व्हेन्तीना’, स्त्रीलिंगी एकवचनी, आणि माणसं त्याच्या मागे ‘दि’ लावून येतात: उना व्हेन्तीना दि पेर्सोने. तसंच ला माज्जोर पार्ते देल्यी स्तुदेन्ती, शब्दशः ‘विद्यार्थ्यांचा मोठा भाग’. रचनेच्या दृष्टीने कर्ता ‘भाग’, विद्यार्थी षष्ठीत. म्हणजे क्रियापद एकवचनी हवं. पण बोलणाऱ्याच्या मनात भाग थोडाच असतो? त्याच्या डोळ्यांसमोर बॅगा घेऊन निघालेले विद्यार्थी असतात. म्हणून तो ‘उना व्हेन्तीना दि’ किंवा ‘ला माज्जोर पार्ते दि’ हे सगळं एक लांबलचक विशेषण समजतो आणि क्रियापद माणसांशी जुळवतो, अगदी आपल्या वीसेकसारखं. इटालियन व्याकरणकार याला ‘कोन्कोर्दान्त्सा आ सेन्सो’ म्हणतात, अर्थाला धरून केलेला मेळ, आणि अशा रचनांत तो बरोबर मानतात. फ्लोरेन्सच्या आकादेमिया देल्ला क्रुस्काकडे, जी १५८३पासून इटालियन भाषेची राखण करतेय, लोक हाच प्रश्न विचारत असतात. दोन्ही रूपं चालतात, असंच उत्तर मिळतं.

आपल्याला हे अगदीच परकं नाही. ‘घरची मंडळी आली आहे’ आणि ‘घरची मंडळी आली आहेत’, दोन्ही कानावर पडतं. पहिल्यात समूह, दुसऱ्यात माणसं. ‘आली’ हे रूप स्त्रीलिंगी एकवचनीही आहे आणि नपुंसकलिंगी अनेकवचनीही, त्यामुळे ‘आहे’पर्यंत पोचेस्तोवर बोलणाऱ्याचा कल कळतसुद्धा नाही. मराठीने ही झाकली मूठ ठेवली आहे. इटालियनमध्ये झाकायला जागा नाही, कारण तिथे धातुसाधित लगेच सगळं उघड करतं.

म्हणून इथे जरा थांबू. वाक्य घ्या: मुलींचा एक घोळका आला. एकवचनाच्या वाटेने, ‘उन ग्रुप्पो दि रागात्से ए अर्रिव्हातो’. ग्रुप्पो पुल्लिंगी, म्हणून ‘अर्रिव्हातो’; सगळ्या मुली असल्या तरी. आपल्याला यात नवल वाटायला नको, आपणही ‘मुलींचा घोळका आला’च म्हणतो. अनेकवचनाच्या वाटेने, ‘उन ग्रुप्पो दि रागात्से सोनो अर्रिव्हाते’. आता मेळ रागात्सेशी, म्हणून स्त्रीलिंगी अनेकवचनी ‘अर्रिव्हाते’. चुकतं कुठे? ‘सोनो अर्रिव्हाती’ लिहिलं की. त्यात वचन मुलींचं आणि लिंग ग्रुप्पोचं, म्हणजे एक पाय या होडीत, दुसरा त्या. ‘ए अर्रिव्हाते’ हाही तसलाच प्रकार. मी वही तपासताना ‘ए’ की ‘सोनो’ हे बघतच नाही, आधी शेवटचा स्वर बघतो. तो क्रियापदाशी इमान राखून असेल तर दोन्ही मान्य.

‘माज्जोर पार्ते’ स्त्रीलिंगी असल्यामुळे इथे एक गंमत होते. ‘माझे बहुतेक सहकारी विवाहित आहेत’ हे काटेकोर एकवचनात ‘ला माज्जोर पार्ते देई म्येई कोल्लेगी ए स्पोझाता’ असं होतं, जणू लग्न ‘भागा’चं झालंय. व्याकरण निर्दोष, पण कानाला खटकतं, आणि इटालियन माणूस बोलताना ‘सोनो स्पोझाती’कडे झुकतो. मीही अशा ठिकाणी अनेकवचनच सुचवतो. परीक्षेत धाकधूक वाटत असेल तर तिसरी वाट आहे. ‘क्वाझी तुत्ती’ (जवळजवळ सगळे), ‘मोल्ती’ (पुष्कळ), ‘पारेक्की’ (बरेच) ही खरीखुरी विशेषणं वापरा: ‘क्वाझी तुत्ती इ म्येई कोल्लेगी सोनो स्पोझाती’. ही रचना मराठीच्या चालीवर चालते, शंकेला जागाच नाही. पण दर वेळी हीच पळवाट घेतलीत तर ‘माज्जोर पार्ते’ कधीच हाताला बसणार नाही, हेही खरं.

मग कुठे कुठलं वचन घ्यायचं? काटेकोर नियम नाही, पण कल सांगता येतो. क्रिया समूहाने मिळून करायची असेल तर एकवचन: ‘उन ग्रुप्पो दि स्तुदिओझी सि रिउनिशे ओन्यी मेझे’, अभ्यासकांचा एक गट दर महिन्याला जमतो. जमणं हे गटाचंच काम. क्रिया प्रत्येकाने आपापली करायची असेल तर अनेकवचन: ‘उन ग्रुप्पो दि स्तुदेन्ती सि सोनो तोल्ती ले स्कार्पे’, काही विद्यार्थ्यांनी बूट काढले. इथे ‘सि ए तोल्तो’ म्हटलं तर सगळ्या गटाचा मिळून एकच जोड होता की काय असं वाटतं. कर्ता आणि क्रियापद यांच्यात बरंच अंतर पडलं, मध्ये एखादं वाक्यखंड आलं, तरीही अनेकवचन सहज येतं, कारण तोवर ‘ग्रुप्पो’ विसरलेला असतो आणि विद्यार्थी लक्षात असतात. उलट ‘इल ग्रुप्पो’ असं निश्चित उपपद असलं, म्हणजे ‘तो गट’, ज्याची ओळख आधी झाली आहे, तर एकवचनच शोभतं. सरकारी कागदात, न्यायालयाच्या निकालात, प्रबंधात मी एकवचन सोडत नाही. बोलण्यात, पत्रात, कथेत सोडतो.

दोन ठिकाणी मात्र निवड नाहीच. पहिलं, ‘दि’नंतरचं नाम स्वतःच एकवचनी असेल तर. ‘ला माज्जोर पार्ते देल्ला जेन्ते पेन्सा’ (बहुतेक लोकांना वाटतं) एवढंच बरोबर. ‘पेन्सानो’ला आधार कुठून आणणार, दोन्ही नामं एकवचनी आहेत. आधीचे दोन्ही धडे नीट शिकलेले विद्यार्थी ते एकत्र करून इथे हमखास घसरतात. ‘ढीगभर माणसं’ म्हणताना ‘उन साक्को’, म्हणजे पोतं, हा शब्द घरोघरी चालतो: ‘चेरा उन साक्को दि जेन्ते’, एकवचन, पण ‘चेरानो उन साक्को दि पेर्सोने’, अनेकवचन. पोतं तेच, आतला माल बदलला की क्रियापद बदललं. दुसरं ठिकाण, ‘दि’चा भाग अजिबात नसेल तर: ‘इल ग्रुप्पो ए पार्तीतो’ (गट निघाला), ‘ला माज्जोरान्त्सा आ देचीझो’ (बहुमताने ठरवलं). पण यालाही एक अपवाद आहे. ‘आहे’च्या पलीकडे अनेकवचनी नाम आलं तर इटालियन क्रियापद तिकडे ओढलं जातं: ‘ला माज्जोर पार्ते सोनो तुरिस्ती’, बहुतेक पर्यटक आहेत. ही ओढ समूहवाचक नामांपुरती नाही. ‘इल प्रोब्लेमा सोनो इ सोल्दी’, अडचण पैशांची आहे; कर्ता एकवचनी, क्रियापद पैशांसारखं अनेकवचनी. इंग्रजीच्या सवयीने ‘इल प्रोब्लेमा ए इ सोल्दी’ म्हणाल तर इटालियन माणूस समजून घेईल, पण कानाला बोचेल ते बोचेलच.

टक्क्यांचंही याच जातीचं प्रकरण, फक्त उपपद विसरू नका. इटालियनमध्ये टक्क्याला पुल्लिंगी एकवचनी उपपद लागतं आणि त्याच्यामुळेच एकवचनी क्रियापद शक्य होतं. २ जून १९४६ रोजी इटलीत राजेशाही ठेवायची की प्रजासत्ताक आणायचं यावर मतदान झालं आणि प्रजासत्ताकाच्या बाजूने ५४ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. तेव्हा ‘इल चिंक्वान्ताक्वात्रो पेर चेन्तो देल्यी एलेत्तोरी आ शेल्तो ला रेपुब्ब्लिका’ किंवा ‘आन्नो शेल्तो’, दोन्ही चालेल. पण ‘देल्ला पोपोलात्सियोने’, लोकसंख्येचे इतके टक्के, असं म्हटलंत की परत एकवचन, कारण वर सांगितलेलंच. आठ, अकरा, ऐंशी अशा स्वराने सुरू होणाऱ्या आकड्यांपुढे ‘इल’चं ‘ल’ होतं, तेवढं सांभाळा.

शेकडा आणि हजार यांच्यातही लिंग पालटतं, हे सांगून पुढे जातो. ‘उन चेन्तिनायो’ पुल्लिंगी, पण शेकडो म्हणताना ‘चेन्तिनाया’ स्त्रीलिंगी. ‘उन मिल्यायो’चं ‘मिल्याया’. जोड म्हणजे ‘उन पायो’, दोन जोड ‘दुए पाया’. शेकडो, हजारो या रूपांत क्रियापद आपोआप अनेकवचनी, तिथे डोकेफोड नाही.

एका गोष्टीबद्दल प्रश्नात काही नाही, पण बोलताना ती सतत लागते. नियम एका वाक्यापुरता आहे. पुढच्या वाक्यात कर्ता गाळला, की इटालियन माणूस बेधडक अनेकवचनात शिरतो. ‘ओ क्यामातो ला पोलित्सिया. सोनो अर्रिव्हाती दोपो द्येची मिनुती.’ पोलिसांना बोलावलं, दहा मिनिटांनी आले. पहिल्या वाक्यातली पोलित्सिया स्त्रीलिंगी एकवचनी, दुसऱ्यात आलेले पुल्लिंगी अनेकवचनी, आणि हे शंभर टक्के नैसर्गिक. दोन्ही एकाच वाक्यात कोंबून ‘ला पोलित्सिया सोनो अर्रिव्हाती’ केलंत, तर चूक. नगरपालिकेत फोन केला, ‘मि आन्नो देत्तो’, मला सांगितलं. कुणी सांगितलं ते महत्त्वाचं नाही. आपलं ‘असं म्हणतात’ जसं कर्त्याशिवाय अनेकवचनात उभं राहतं, तसंच त्यांचं ‘दीकोनो’.

अनेकवचनाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, आपलं आदरार्थी अनेकवचन इटालियनमध्ये नेऊ नका. ‘सर आले आहेत’ला ‘इल प्रोफेस्सोरे ए अर्रिव्हातो’. आदर दाखवायला ते ‘लेई’ हे स्त्रीलिंगी एकवचनी सर्वनाम वापरतात, क्रियापदही एकवचनीच. पुरुषाशी बोलताना मात्र धातुसाधित आजकाल पुल्लिंगीच ठेवतात: ‘लेई ए अर्रिव्हातो, सिन्योरे?’

कागदपत्रांसाठी एक नमुना देतो, कारण कुटुंबाला इटलीत बोलावणाऱ्यांना तो लागतोच. तिथल्या नगरपालिकेकडून ‘स्तातो दि फामिल्या’ नावाचा दाखला मिळतो, एका घरात कोण कोण राहतं त्याचा. त्यातली ठरावीक भाषा: ‘इल नुक्लेओ फामिल्यारे ए कोम्पोस्तो दा क्वात्रो पेर्सोने’, कुटुंबात चार व्यक्ती आहेत. ‘नुक्लेओ’ पुल्लिंगी एकवचनी, म्हणून ‘कोम्पोस्तो’. अर्ज स्वतः भरणारे इथे ‘कोम्पोस्ता’ लिहितात, कारण डोक्यात फामिल्या असते, किंवा ‘कोम्पोस्ते’ लिहितात, कारण शेजारी चार पेर्सोने उभ्या असतात. तशाने अर्ज परत येत नाही म्हणा, पण लिहायचंच तर नीट लिहावं.

आता शेवटचं, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात सुंदर. इटालियनमध्ये काही पुल्लिंगी नामांना दोन अनेकवचनं असतात: एक साधं पुल्लिंगी, आणि एक ‘आ’कारान्त स्त्रीलिंगी, जे लॅटिनच्या नपुंसकलिंगी अनेकवचनातून उरलं आहे. साधं रूप सुट्या वस्तूंसाठी, स्त्रीलिंगी रूप सगळ्या मिळून होणाऱ्या संचासाठी. ‘मुरो’ म्हणजे भिंत. घराच्या भिंती ‘इ मुरी’. पण शहराभोवतीची ‘ले मुरा’. मराठीत आपल्याला यासाठी शब्दच बदलावा लागतो: भिंती आणि तटबंदी. तोस्कानातल्या लुक्का शहराची तटबंदी सोळाव्या-सतराव्या शतकातली, घेर चार किलोमीटरहून थोडा जास्त, आजही अखंड, आणि तिच्यावरून लोक सायकली चालवतात. तिच्याबद्दल लिहिताना ‘ले मुरा दि लुक्का सोनो आन्तिके’, विशेषण स्त्रीलिंगी अनेकवचनी. ‘इ मुरी दि लुक्का’ म्हणालात तर लुक्कातल्या घरांच्या भिंती, रंग उडालेल्या, पोस्टरं चिकटवलेल्या.

‘ओस्सो’ म्हणजे हाड. अंगातली हाडं ‘ले ओस्सा’, कुत्र्यापुढे टाकायची ‘ल्यी ओस्सी’. बिछान्यावरच्या चादरींची जोडी ‘ले लेन्त्सुओला’, सुट्या चादरी मोजताना ‘इ लेन्त्सुओली’. ‘मेम्ब्रो’ला तर अर्थासकट फाटे फुटतात: शरीराचे अवयव ‘ले मेम्ब्रा’, समितीचे सदस्य ‘इ मेम्ब्री’. बोट ‘इल दितो’, हाताची बोटं ‘ले दिता’. पण बोटाचं नाव घेऊन बोललात, करंगळ्या वगैरे, की परत ‘इ दिती’. ‘लेन्यो’ म्हणजे लाकूड. त्याच्याच जुन्या अनेकवचनातून ‘ला लेन्या’ झाली, म्हणजे जळण, सरपण, आणि ती आता चक्क स्त्रीलिंगी एकवचनी आहे: ला लेन्या ए सेक्का, सरपण वाळलंय. फळांचंही असंच: एकेक फळ ‘फ्रुत्तो’, बाजारातून आणलेली सगळी फळं ‘ला फ्रुत्ता’, एकवचन. द्राक्षंसुद्धा एकवचनी, ‘ल’ऊव्हा ए दोल्चे’. उलट आपण ‘स्पॅगेटी शिजली’ म्हणतो ती तिकडे अनेकवचनी: ‘ल्यी स्पागेत्ती सोनो कोत्ती’.

अंड्याला मात्र एकच अनेकवचन आहे, त्यामुळे तिथे लिंग बदलण्यावाचून गत्यंतर नाही: ‘ल’उओव्हो ए फ्रेस्को’, पण ‘ले उओव्हा सोनो फ्रेस्के’. डझनभर घेतलीत तर ‘उना दोत्सीना दि उओव्हा’, आणि ती फुटली असं सांगायचं झालं तर ‘सि ए रोत्ता’ (डझन, एकवचन) की ‘सि सोनो रोत्ते’ (अंडी, अनेकवचन), हे आता तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी ‘रोत्ते’ म्हणेन. अंडी एकेक करून फुटतात.